अनोळखी उंच डोंगरांत पाठीवर सामान घेऊन ट्रेक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सवयीच्या डोंगरांत बरेच ट्रेक झालेत, सॅक पाठीवर घेऊन तंबूत राहायची सवय आहे, आणि आता ३,००० ते ५,५०० मीटरच्या पट्ट्यातल्या, कधी न पाहिलेल्या डोंगरांत जायचं ठरतंय, अशा माणसांना डोळ्यांसमोर ठेवून ही उत्तरं लिहिली आहेत. दोर लावून चढायची शिखरं यात नाहीत. सगळ्या उत्तरांमागे आग्रह एकच आहे: रात्री कुठे झोपणार आणि तिथून खाली कसे उतरणार, हे आधी ठरवा. बाकीची आखणी त्यानंतर.

आखणी नेमकी कुठून सुरू करायची?

बहुतेकांची सुरुवात खिंडीच्या फोटोपासून होते. खिंड किती उंच, ती कुठल्या दिवशी ओलांडायची, मग उरलेले दिवस तिच्या मागेपुढे बसवायचे. हे उलटं करा. नकाशा पसरा, पेन्सिल घ्या आणि प्रत्येक मुक्कामाच्या जागी दोन आकडे लिहा. पहिला आकडा झोपायची उंची. दुसरा आकडा, तिथून मध्ये कुठलाही मोठा चढ न चढता १,००० मीटर खाली जायला किती तास लागतील.

पहिला आकडा सगळेच लिहितात. दुसरा लिहायला बसलं की मार्गाचं खरं रूप दिसायला लागतं. काही मुक्कामांना तो आकडा भरताच येत नाही. दोन खिंडींच्या मधली उंच खोलगट जागा ही त्यातली सगळ्यात वाईट. आलात ती खिंड ४,९०० मीटरवर, पुढची ५,००० वर, मुक्काम ४,४०० वर, आणि मधला ओढा खाली घळीत कोसळतो म्हणून त्याच्या काठानेही वाट नाही. तिथे रात्री कुणाच्या फुफ्फुसात पाणी व्हायला लागलं, तर त्याला वाचवण्यासाठी आधी वर न्यावं लागतं. असा मुक्काम मार्गात असेल तर तिथे पोहोचण्याआधी शरीर त्या उंचीला पुरतं सरावलेलं हवं, किंवा तो मुक्काम टाळून एकाच लांब दिवसात दोन्ही खिंडी ओलांडण्याइतकी ताकद गटात हवी. दोन्ही नसेल तर मार्ग बदला.

उंचीचा त्रास होतो तरी का?

हवेतलं ऑक्सिजनचं प्रमाण वर गेलं तरी तेवढंच राहतं, जवळजवळ २१ टक्के. कमी होतो तो हवेचा दाब. ५,५०० मीटरवर तो समुद्रसपाटीच्या साधारण निम्मा असतो, म्हणजे प्रत्येक श्वासात ऑक्सिजनही निम्माच येतो. शरीर यावर उपाय करतं: श्वास जलद आणि खोल होतो, मूत्रपिंडं रक्तातला आम्ल-अल्काचा तोल सावरतात, पुढे लाल पेशी वाढतात. श्वासाचा बदल काही तासांत सुरू होतो, मूत्रपिंडांना काही दिवस लागतात आणि पेशी वाढायला आठवडे. म्हणून उंचीवर घाई चालत नाही.

एका दिवसात किती उंची चढावी?

पर्वतीय वैद्यकात सर्वमान्य झालेला नियम असा: ३,००० मीटरच्या वर झोपायची उंची एका रात्रीत ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवायची नाही, आणि दर तीन-चार दिवसांनी एक रात्र त्याच उंचीवर पुन्हा काढायची. दिवसा यापेक्षा उंच जाऊन यायला हरकत नाही, उलट त्याने फायदाच होतो. मोजायची ती झोपायची उंची.

उदाहरणार्थ, ४,९०० मीटरची खिंड ओलांडायची आहे आणि गाडीरस्ता २,७०० मीटरवर संपतो. मुक्काम असे लागतील: २,७००, पुन्हा २,७००, ३,१००, ३,५००, पुन्हा ३,५००, ३,९००, ४,३००, मग खिंड ओलांडून पलीकडे ४,००० किंवा त्याखाली. ३,५०० च्या दुसऱ्या दिवशी तंबूत लोळत पडू नका. रिकाम्या सॅकने दोनतीनशे मीटर वर चढा, तासभर बसा आणि जेवायला खाली या.

नकाशावर पाण्याच्या जागा आणि सपाट जागा या हिशोबाप्रमाणे मिळतातच असं नाही. कधी ७०० मीटरची उडी घ्यावीच लागते. तशी घ्यावी लागली तर पुढची रात्र तिथेच काढून सरासरी परत ५०० च्या आत आणा.

विमानाने थेट उंचावर उतरलो तर?

लेह साधारण ३,५०० मीटरवर आहे, ल्हासा ३,६५० वर, आणि ला पाझ शहराचा विमानतळ ४,००० मीटरच्याही वर. अशा ठिकाणी पहिल्या दोन रात्री गावातच काढा. पहिला दिवस अक्षरशः काहीही करू नका. दारू आणि झोपेच्या गोळ्या दोन्ही टाळा, कारण दोन्हींनी रात्रीचा श्वास मंदावतो. शक्य असेल तर रस्त्याने, टप्प्याटप्प्याने जाणं कधीही बरं.

मी रोज धावतो. मला त्रास कमी होईल ना?

नाही. दम आणि उंचीशी जुळवून घ्यायची क्षमता या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तयारीच्या माणसाला उलट एक धोका जास्त असतो: पाय चालतात म्हणून तो वेगाने वर जातो. तयारी हवीच, पण ती ओझं घेऊन सहा-सात तास चालता यावं आणि संध्याकाळी डोकं ठिकाणावर असावं म्हणून. भरलेली सॅक घेऊन जिने किंवा टेकडी चढा-उतरा, किमान तीन महिने. उतरण्याचा सराव विसरू नका. गुडघे तिथेच बोलतात.

त्रास सुरू झाला हे ओळखायचं कसं?

डोकेदुखी, आणि तिच्यासोबत मळमळ, अन्नावरची वासना उडणं, गरगरणं किंवा नेहमीपेक्षा वेगळा थकवा. नव्या उंचीवर आल्यावर हे दिसलं की तो उंचीचाच त्रास समजायचा. ऊन लागलं असेल, पाणी कमी प्यालं असेल, काल खाल्लेलं बाधलं असेल, या सगळ्या शक्यता नंतर. नियम तीन आहेत आणि ते घरून निघतानाच प्रत्येकाकडून तोंडी वदवून घ्या: लक्षणं असताना वर जायचं नाही, त्याच उंचीवर थांबून बरं वाटलं तरच पुढे, वाढत असेल तर लगेच खाली, रात्र असली तरी.

साध्या त्रासात माणूस थांबला, विश्रांती घेतली की एक-दोन दिवसांत सावरतो. जीव घेणारे प्रकार दोन आहेत.

पहिला म्हणजे मेंदूला सूज, ट्रेकर्सच्या भाषेत 'हेस'. याची सुरुवात फार शांत असते. नेहमी बडबड करणारा माणूस एका शब्दात उत्तरं द्यायला लागतो. बुटाच्या नाड्या न बांधता तंबूबाहेर येतो. हातमोजा हातात घेऊन तो कुठल्या हाताचा, हे बघत बसतो. अशा वेळी सपाट जागेवर त्याला एका पावलाची टाच दुसऱ्या पावलाच्या बोटांना टेकवत सरळ रेषेत दहा पावलं चालायला सांगा. शेजारी तुम्हीही चाला, म्हणजे जमीन उंचसखल आहे या सबबीला जागा राहणार नाही. तुम्हाला जमलं आणि तो लडखडला, तर चर्चा संपली. त्याला घेऊन खाली निघायचं.

दुसरा फुफ्फुसात पाणी होणं, म्हणजे 'हेप'. हा बहुतेक वेळा नव्या उंचीवरच्या दुसऱ्या ते चौथ्या रात्रीच्या आसपास उद्भवतो, आणि डोकं अजिबात न दुखताही होऊ शकतो. काल बरोबरीने चालणारा माणूस आज चढावर फार मागे पडतो, आणि मुख्य म्हणजे बसून विश्रांती घेतली तरी त्याचा श्वास खाली बसत नाही. कोरडा खोकला, आडवं झाल्यावर वाढणारी धाप, पुढे छातीत घरघर आणि गुलाबीसर फेस. फेसाची वाट बघू नका. बसल्या जागी धाप लागणं हीच निघायची खूण.

दोन्हीवर खरा उपाय एकच, उतरणं; निदान ३०० मीटर, शक्यतो १,०००. ऑक्सिजनचा सिलिंडर असेल तर द्या, पण त्याच्या भरवशावर थांबू नका. हेप झालेल्या माणसाच्या पाठीवर सॅक देऊ नका, त्याला ऊबदार ठेवा आणि शक्य तेवढे कमी कष्ट पडतील असं उतरवा.

डायमॉक्स घ्यावी का?

हे तुमच्या डॉक्टरांशी बोलून ठरवा, पण बोलायला जाताना इतकं माहीत असू द्या. डायमॉक्स म्हणजे ॲसिटाझोलामाइड. ती त्रास झाकत नाही, सराव व्हायची क्रिया खरोखर वेगाने होऊ देते. प्रतिबंधासाठी मोठ्या माणसांना सहसा १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढाई सुरू व्हायच्या आदल्या दिवसापासून देतात. बोटांना मुंग्या येतात, लघवी जास्त होते, सोड्याची पेयं बेचव लागतात. हे सगळं अपेक्षित आहे. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना आवर्जून सांगा, आणि पहिली गोळी डोंगरात न घेता घरी घेऊन बघा.

आखणी नीट हळूहळू चढणारी असेल आणि पूर्वी त्रास झालेला नसेल, तर बहुतेकांना तिची गरज पडत नाही. वाईट आखणीला गोळीची ठिगळं लावणं मला मान्य नाही.

डेक्सामेथासोन आणि निफेडिपिन ही संकटकाळची औषधं आहेत, पहिलं मेंदूच्या सुजेसाठी, दुसरं फुफ्फुसातल्या पाण्यासाठी. डॉक्टरांकडून मात्रा लिहून घ्या आणि ती चिठ्ठी औषधाच्या पाकिटातच ठेवा. डेक्साने माणूस काही तासांत बरा दिसू लागतो. तो बरा झालेला नसतो. मिळालेला वेळ उतरण्यासाठीच वापरायचा.

ऑक्सिमीटर बरोबर घ्यावा?

बोटाला लावून रक्तातल्या ऑक्सिजनची टक्केवारी दाखवणारं हे यंत्र घ्या, पण आकड्यावर निर्णय सोपवू नका. गार बोटांवर तो काहीही दाखवतो. ८२ दाखवणारा माणूस मजेत जेवत असेल आणि ८८ वाला ओकत असेल, तर काळजी ओकणाऱ्याची करायची.

रात्री श्वास मध्येच थांबतो आणि दचकून जाग येते. हे गंभीर आहे का?

सहसा नाही. उंचीवर झोपेत श्वास लाटांसारखा कमी-जास्त होतो, मध्ये काही सेकंद थांबतोही. सरावाबरोबर तो बराच निवळतो. जागेपणीही धाप लागत असेल तर मात्र वर 'हेप'बद्दल लिहिलेलं पुन्हा वाचा.

अनोळखी डोंगरांची माहिती मिळवायची कुठून?

नकाशापासून. पायी चालायला १:५०,००० चा नकाशा चालतो, २ सेंमी म्हणजे १ किमी. त्याहून मोठ्या प्रमाणावरचा मिळाला तर उत्तमच. मध्य आशियातल्या आणि कॉकेशसच्या डोंगरांसाठी जुने सोव्हिएत लष्करी नकाशे आजही उपयोगी पडतात. जमिनीचा आकार त्यांत फार चांगला उतरला आहे. पण पूल, वस्त्या आणि हिमनद्यांची टोकं त्यांतून घेऊ नका, ती बदलली आहेत. समोच्च रेषांचं (सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांचं) अंतर किती मीटरचं आहे हे नकाशा हाती येताच बघा. २० मीटरच्या रेषांची सवय असलेल्या डोळ्याला ४० मीटरच्या रेषांचा नकाशा फसवतो. तोच उतार अर्ध्याने सौम्य वाटतो. आणि दोन रेषांच्या मध्ये ३० मीटरचा कडा सहज लपतो.

नकाशावर उपग्रहचित्र ताडून बघा, आणि तुम्ही जाणार त्याच महिन्याचं चित्र शोधा. सप्टेंबरमध्ये कोरडी दिसणारी खिंड जूनमध्ये बर्फाने भरलेली असते. प्रत्येक खिंडीची कुठली बाजू उत्तरेकडे आहे ते टिपून ठेवा. उत्तर गोलार्धात त्या बाजूला बर्फ उशिरापर्यंत टिकतो, दक्षिण गोलार्धात दक्षिणेकडच्या.

इतरांनी लिहिलेले वृत्तान्त वाचताना आधी तारीख बघा, मग लिहिणाऱ्याची सवय. 'वाट सोपी आहे' या वाक्याला, लिहिणारा कोण हे कळल्याशिवाय काहीच किंमत नाही. मी वृत्तान्तातून फक्त मोजता येणाऱ्या गोष्टी घेतो: अमुक ठिकाणाहून अमुक ठिकाणी किती तास, पाणी कुठे होतं, नदी कुठे आणि किती वाजता ओलांडली.

तिथे पोहोचल्यावर मेंढपाळ, वनरक्षक, पायथ्याच्या गावातली माणसं यांना विचारा, पण प्रश्न नीट विचारा. 'वाट चांगली आहे ना?' म्हटलं की पाहुण्याचं मन राखायला कुणीही हो म्हणतं. 'या आठवड्यात त्या बाजूने कोण आलं? पाणी कुठवर लागलं?' असं विचारलं की खरी माहिती मिळते.

मोबाइलवर जीपीएक्स ट्रॅक, म्हणजे वाटेची जीपीएस फाइल आहे. तेवढं पुरतं ना?

पुरत नाही. घरी बसून रेघ ओढून तयार केलेले ट्रॅकही सर्रास फिरतात. जिथे बिंदू फार दूरदूर आणि रेघ सरळसोट, तिथे कुणी चाललेलं नसण्याचीच शक्यता जास्त. हिमनदीवरचा दोन वर्षांपूर्वीचा ट्रॅक आज भेगेवरून जात असू शकतो. थंडीत बॅटरी झपाट्याने उतरते, म्हणून फोन रात्री स्लीपिंग बॅगमध्ये घ्या, आणि कागदी नकाशा व होकायंत्र सॅकमध्ये ठेवा.

होकायंत्राबद्दल एक गोष्ट नव्या प्रदेशात हमखास निसटते. चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांतला फरक जगभर सारखा नाही. न्यूझीलंडच्या दक्षिण आल्प्समध्ये तो २० अंशांहून अधिक आहे. तो लक्षात घेतला नाही तर दर किलोमीटरला साडेतीनशे मीटर बाजूला जाल. हा फरक बहुतेक नकाशांच्या समासात छापलेला असतो.

रोज किती किलोमीटर धरायचे?

किलोमीटर धरूच नका, तास धरा. स्कॉटिश गिर्यारोहक विल्यम नेस्मिथ यांनी १८९२ मध्ये मांडलेला हिशोब अजून कामाला येतो: दर ५ किमीला एक तास, आणि दर ६०० मीटर चढाला आणखी एक तास. १२ किमी आणि ९०० मीटर चढ म्हणजे जवळजवळ चार तास. हा आकडा हलक्या सामानाच्या, खालच्या उंचीवरच्या, सवयीच्या माणसाचा. ४,००० मीटरवर भरलेल्या सॅकसह त्याची दीडपट धरा, म्हणजे सहा तास, आणि जेवण-विश्रांती वेगळी. मोरेनवरच्या, म्हणजे हिमनदीने आणून टाकलेल्या ढिगांवरच्या हलत्या दगडांत हाही हिशोब कोसळतो. तिथे तासाला एक किलोमीटर पडला तरी चांगला वेग म्हणायचा.

पहिल्या दोन दिवसांत प्रत्यक्ष लागलेला वेळ लिहून ठेवा. गटाचा खरा गुणक तिथेच सापडतो आणि पुढचे दिवस त्यावर बेतता येतात.

कुठल्या हंगामात जावं?

नेपाळच्या हिमालयात एप्रिल-मे आणि ऑक्टोबर-नोव्हेंबर. लडाख, काराकोरम हे पर्जन्यछायेतले प्रदेश. तिथे जुलै ते सप्टेंबर. मध्य आशियातल्या तिएन शानमध्ये जुलै-ऑगस्ट. पेरूच्या कॉर्डिलेरा ब्लांकात मे ते सप्टेंबर, तर अर्जेंटिनातल्या अकोंकाग्वाच्या परिसरात डिसेंबर ते फेब्रुवारी.

पण चांगला हंगाम म्हणजे चांगल्या हवामानाची हमी नाही. ऑक्टोबर २०१४ मध्ये, नेपाळच्या ऐन ट्रेकिंगच्या दिवसांत, बंगालच्या उपसागरातून आलेल्या हुदहुद चक्रीवादळाचा उरलेला जोर अन्नपूर्णा भागात प्रचंड बर्फ होऊन कोसळला. ५,४१६ मीटरच्या थोरोंग ला खिंडीच्या आसपास आणि शेजारच्या भागात मिळून चाळीसहून अधिक माणसं गेली. शेकडो किलोमीटरवरच्या समुद्रातलं वादळ उंच खिंडीत माणसं मारू शकतं. म्हणून निघण्यापूर्वी डोंगरांचाच नव्हे, त्या प्रदेशाकडे येणाऱ्या मोठ्या वाऱ्यांचा अंदाजही बघा.

वाटेत हवामानाचा अंदाज कसा घ्यायचा?

घड्याळात दाबावर चालणारा उंचीमापक असेल तर तो रात्री हवामापक होतो. तंबूत शिरताना उंची लिहा, सकाळी उठल्यावर न हलता पुन्हा बघा. १०-१५ मीटरचा फरक रोजचाच. तुम्ही जागचे हलला नाहीत आणि उंची ३०-४० मीटर वाढलेली दिसली, तर रात्रीत हवेचा दाब उतरला आहे. त्या दिवशी खिंडीकडे निघण्याआधी आकाश, वारा आणि बरोबरची माणसं तिन्हींकडे नीट बघा.

दुपारी ढग जमून विजा होणं उंच डोंगरांत नेहमीचं आहे. खिंड दुपारच्या आत ओलांडून पलीकडे उतरायला लागलेले असाल, अशा बेताने पहाटे निघा.

नदीवर पूल नसेल तर?

हिमनदीतून येणारं पाणी पहाटे सगळ्यात कमी असतं आणि दुपार उलटल्यावर, संध्याकाळपर्यंत वाढत जातं. सकाळी घोट्यापर्यंतचा ओढा संध्याकाळी मांडीपर्यंत येतो. दुपारी काठावर पोहोचलात आणि पाणी गढूळ, त्यात दगड गडगडल्याचा आवाज येतोय, तर तंबू लावा आणि पहाटेची वाट बघा. आखणी करतानाच मोठ्या नदीच्या अलीकडे मुक्काम पडेल असं बघावं.

ओलांडताना पात्र रुंद आणि अनेक धारांत फुटलेलं असेल ती जागा निवडा. अरुंद जागा खोल असते. बूट पायातच ठेवा. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडा, म्हणजे पडलात तर सॅक टाकता येईल. तोंड प्रवाहाकडे, हातात काठी, एका वेळी एकच पाऊल. वेगवान पाणी गुडघ्याच्या वर चढायला लागलं की मागे फिरा.

वाटेत हिमनदी लागते. जाऊ का?

उघड्या, कोरड्या बर्फाची, जिथे भेगा स्पष्ट दिसतात अशी हिमनदी अनुभवी माणसाबरोबर मायक्रोस्पाइक किंवा क्रॅम्पॉनवर (बुटाखाली बांधायच्या लोखंडी खिळ्यांवर) ओलांडता येते. वर ताजा बर्फ पसरलेली हिमनदी म्हणजे झाकलेल्या भेगा. तिथे दोर, हार्नेस आणि भेगेतून माणूस बाहेर काढायचा सराव लागतो. तो नसेल तर तो मार्ग तुमचा नाही. ३० ते ४५ अंशांचे बर्फाचे उतार ताज्या बर्फानंतर टाळा; हिमप्रपात बहुतेक याच उतारांवर होतात.

किती थंडी धरायची, आणि झोपायचं सामान कसं निवडायचं?

दर १,००० मीटरला सरासरी साडेसहा अंश कमी होतात. २,००० मीटरवरच्या गावात पहाटे १५ अंश असतील तर ४,५०० वर शून्याच्या खाली गेलेलं असेल. निरभ्र रात्र आणि वारा हे वेगळे.

स्लीपिंग बॅगवर दोन तापमानं छापलेली असतात. 'कम्फर्ट' हा आकडा खरा धरा; 'लिमिट' म्हणजे अंग मुडपून कशीबशी काढलेली रात्र. उंचीवर थकलेलं, कमी जेवलेलं शरीर ऊब कमी तयार करतं, म्हणून अपेक्षेपेक्षा पाच अंश खालची बॅग घ्या. बॅगइतकंच लक्ष मॅटकडे द्या. अंगाखाली दबलेला पिसांचा थर ऊब धरत नाही. जमिनीची थंडी मॅटच अडवते. मॅटच्या आर-व्हॅल्यूची (थंडी अडवायच्या क्षमतेच्या आकड्याची) बेरीज होते, म्हणून फुगवायच्या मॅटखाली फोमची पातळ मॅट घातली की ऊब वाढते आणि फुगवायची मॅट फाटली तरी रात्र निभते.

कपडे थरांत घ्या: घाम सोडणारा आतला, ऊब धरणारा मधला, वारा-पाणी अडवणारा बाहेरचा, आणि थांबल्यावर घालायला डाऊन जॅकेट. झोपायचे मोजे आणि आतले कपडे वेगळ्या जलरोधक पिशवीत, आणि ते दिवसा कधीही वापरायचे नाहीत.

शेगडी कुठली, आणि पाण्याचं काय?

गॅसची डबी घेणार असाल तर आतलं मिश्रण वाचा. साधं ब्यूटेन शून्याच्या जरा खालीच वायू व्हायचं थांबतं. आयसोब्यूटेन-प्रोपेनचं मिश्रण थंडीत चालतं. गॅसची डबी विमानात नेता येत नाही, म्हणून ती तिथे मिळते का आणि कुठल्या आट्यांची (थ्रेडची) मिळते, हे आधी विचारा. दूर प्रदेशात पेट्रोल-रॉकेलवर चालणारी शेगडी जास्त भरवशाची. शेगडीचं पेटवायचं बटण उंचीवर दगा देतं. काडेपेटी आणि लायटर दोन्ही, दोन वेगळ्या खिशांत. बंद तंबूत शेगडी पेटवू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, आणि त्याची डोकेदुखी उंचीच्या डोकेदुखीसारखीच असते.

पाणी दर ३०० मीटरला साधारण एक अंश कमी तापमानावर उकळतं. ४,५०० मीटरवर ८५ च्या आसपास. कडधान्यं शिजत नाहीत, इंधन मात्र संपतं. गरम पाण्यात भिजून तयार होणारं अन्न घ्या, आणि ज्याची चव तुम्हाला आजारपणातही चालते असंच घ्या, कारण वर भूक मरते. पाणी निर्जंतुक करायला २,००० मीटरच्या वर तीन मिनिटं खळखळून उकळावं. फिल्टर वापरत असाल तर त्याला गोठू देऊ नका. गोठलेल्या फिल्टरच्या बारीक नळ्या फुटतात आणि बाहेरून काहीच कळत नाही. रात्री तोही स्लीपिंग बॅगमध्ये.

उन्हाचा एवढा त्रास होतो?

होतो. अतिनील किरणं दर १,००० मीटरला साधारण दहा टक्क्यांनी वाढतात आणि ताजा बर्फ त्यांतली ८० टक्क्यांपर्यंत परत फेकतो. नाकपुड्यांच्या आत आणि हनुवटीखालीही क्रीम लावा. बाजूने झाकलेला गडद गॉगल प्रत्येकाकडे, आणि गटात एक जास्तीचा. गॉगल हरवलेला माणूस त्या संध्याकाळी डोळे उघडू शकत नाही.

एकट्याने गेलो तर?

नव्या उंच डोंगरांत माझं उत्तर ठाम नाही असं आहे. पाय मुरगळणं, वाट चुकणं यांतून एकटा माणूस कदाचित निभावेल. पण मेंदूला सूज आलेल्या माणसाला आपण आजारी आहोत हेच कळत नाही. ते ओळखायला दुसरं माणूस लागतं. चार जणांचा गट चांगला: एक आजारी, एक त्याच्याजवळ, दोघं मदतीला.

गाइड किंवा पोर्टर घेताना काय बघावं?

गाइड या मार्गावर शेवटचा कधी गेला, आणि कुणी आजारी पडलं तर तो कुठून उतरवेल, हे दोन प्रश्न. दुसऱ्याचं उत्तर नकाशावर बोट ठेवून द्यायला सांगा. पोर्टरलाही उंचीचा त्रास होतो. तो खालच्या गावातला असेल तर तुमच्याइतकाच. त्याच्याकडे बूट, ऊबदार कपडे, निवारा आणि विमा आहे का हे तुम्ही विचारायचं, एजंटवर सोडायचं नाही. आजारी पोर्टरला हिशोब चुकता करून एकटा खाली पाठवल्याने माणसं दगावली आहेत. त्याच्यासोबत त्याची भाषा जाणणारं कुणीतरी गेलंच पाहिजे.

परवाने, विमा आणि सॅटेलाइट उपकरणं?

सीमेजवळच्या डोंगरांत, मग ते किर्गिझस्तान असो की लडाख, वेगळा परवाना लागू शकतो आणि तो मिळायला दिवस जातात. नेपाळने २०२३ मध्ये परदेशी ट्रेकर्सना गाइड बंधनकारक करण्याचा नियम आणला, पण त्याची अंमलबजावणी सगळीकडे सारखी नाही. म्हणून देशाचा नियम आणि त्या भागाचा नियम दोन्ही बघा.

विम्याच्या कागदात तीन गोष्टी शोधा: किती मीटरपर्यंत लागू आहे, हेलिकॉप्टरने सुटका धरली आहे का, आणि दोर किंवा क्रॅम्पॉन वापरले तर तो रद्द होतो का. हेलिकॉप्टर ढगात आणि काळोखात येत नाही, हे धरूनच उतरण्याची वाट ठरवा.

सॅटेलाइट मेसेंजरने जीव वाचतात, पण काही देशांत ते बाळगणं गुन्हा ठरू शकतं. भारतात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन नेल्याबद्दल प्रवाशांना विमानतळावर ताब्यात घेतलं गेलं आहे. काहीच उपकरण नसेल तर शिट्टी आणि टॉर्च: मिनिटात सहा वेळा इशारा, मग एक मिनिट थांबून पुन्हा. मिनिटाला तीन इशारे आले की तुमचा इशारा पोहोचला.

शौचाची सोय?

पाण्यापासून आणि वाटेपासून किमान ६० मीटर दूर. मातीत खड्डा करा. खडकाळ, गोठलेल्या उंचीवर काहीच कुजत नाही, तिथे पिशवीत घालून खाली आणा. कागद नेहमीच परत आणायचा.

राखीव दिवस किती ठेवावेत?

दहा दिवसांच्या चालीला निदान दोन, आणि ते परतीच्या विमानाच्या आधी ढकलून ठेवलेले नकोत, खिंडीच्या अलीकडच्या बाजूला वापरता येतील असे हवेत. लोक चुकीच्या दिवशी खिंडीत जातात त्यामागे बहुतेक वेळा परतीचं तिकीट असतं. बदलता येणारं तिकीट काढा. खिंडीच्या दिवशी परत फिरायची वेळही आदल्या रात्री ठरवा, डोकं शांत असताना: अमुक वाजेपर्यंत माथ्यावर नसलो तर जिथे असू तिथून मागे.

घरी काय ठेवून जावं?

फोनवर झटकन पाठवलेला संदेश नको, एक कागद. त्यावर मार्ग आणि प्रत्येक मुक्कामाची जागा, उंची व तारीख. खाली उतरण्याच्या ठरवलेल्या वाटा. तंबूचा, सॅकचा, जॅकेटचा रंग. प्रत्येकाचा रक्तगट, आजार, औषधं. विम्याचा क्रमांक आणि त्यांचा चोवीस तास चालणारा फोन. तिथल्या बचावपथकाचा किंवा पोलिसांचा फोन आणि तुमच्या देशाच्या दूतावासाचा. शेवटी एक तारीख आणि वेळ: तोवर आमचा निरोप आला नाही तर फोन फिरवायला सुरुवात करा. ही वेळ परतीच्या दिवसानंतर एक राखीव दिवस सोडून धरा, नाहीतर साध्या पावसाने झालेल्या उशिरालाही शोधमोहीम निघेल. कागद ज्याच्याकडे ठेवाल त्याच्यासमोर बसून एकदा वाचून दाखवा. वाटेत मार्ग बदलला तर शेवटच्या नेटवर्कवरून त्यालाच आधी कळवा.